कोरा रकाना

"हा रकाना कधीही कोरा ठेवायचा नाही!" देवस्थळी सरांनी फळ्यावर काढलेल्या मुदत ठेवीच्या अर्जात 'नॉमिनी'खाली जाड रेघ ओढली. "आपल्यामागे पैसे कोणाला, ते आपणच सांगून ठेवायचं."

दरवर्षी रेपो दर आणि महागाई शिकवून झाली, की ते बारावीच्या वर्गाकडून असा अर्ज भरून घेत. स्वतःचा फळ्यावर भरत. सवयीने त्यांनी लिहिलं, कुमुदिनी देवस्थळी. नातं, पत्नी. वय, बावन्न.

पहिल्या बाकावरची, यंदा पुन्हा बारावीला बसलेली मुलगी चाचरत म्हणाली, "सर, मागच्या वर्षीही तुम्ही बावन्नच लिहिलं होतं. काळाबरोबर सगळंच वाढतं म्हणालात ना?"

वर्ग खो खो हसला. सरांना मात्र हसता आलं नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "एक नियम सांगायचा राहिलाच. नॉमिनी हयात असावा लागतो."

सरांनी डस्टरने नाव अलगद पुसलं. मग दुसरं कोणाचं लिहावं हे आठवत, हातात खडू धरून ते फळ्यापाशी उभे राहिले.

तास संपल्याची घंटा झाली, तरी रकाना कोराच होता.