जयरामच्या चरातला किडा

दुसऱ्या दिवशीही ग्रेसीबाईंच्या जाळीत काही आलं नाही.

"नीट बग, बाय. इथंच असंल," खाडीच्या चिखलात गुडघाभर उभा राहून जयराम म्हणाला.

"काका, माझ्यापेक्षा तुम्हालाच घाई!" बाई हसल्या. त्या माणिकपूरच्या, मुंबईला कॉलेजात शिकवायच्या. पाण्यावर धावणारा एक बारीक किडा शोधत जूचंद्रला आल्या होत्या. या किनाऱ्यावर तो आजवर दोनच जागी सापडला होता. तिसरी जागा मिळाली, तर ती आहे तशीच राहू द्या, असं त्यांचे साहेब थेट कलेक्टरांना लिहिणार होते.

त्या कागदाच्या आशेनं जयरामची झोप उडाली होती. खार चढलेली शेतं मिठागराला द्यायची, असा हुकूम निघाला होता. सोमवारी मोजणीदार येणार होता. मिठागरवाला शेठ म्हणे, जयरामच्या शेतात खार चढलाय. जयराम म्हणे, ऊन कमी पडलं म्हणून भाताचे शेंडे पिवळे दिसतात. यातलं त्यानं बाईंना काही सांगितलं नव्हतं.

शेत खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला लागूनच होतं. बांधातली खेकड्यांची बिळं त्याची बायको पुतळाबाई दर अमावास्येला चिखलानं बुजवायची. ती चैत्रात गेली. तेव्हापासून जयरामचा पाय बांधाकडे वळत नव्हता.

"जयराम, भात सोडून किडं पिकवतो काय?" शेजारचा रामू वरून ओरडला.

"तुज्या डोक्यात हायेत तेच देतो बाईला!" जयराम म्हणाला.

मग तो हळूच म्हणाला, "बाय, माज्या शेतातल्या चरात असलं कायतरी पलतं. या वर्साच दिसाया लागलंय."

दोघं बांध ओलांडून आत उतरली. बाईंनी चरात जाळी फिरवली, एक किडा काचेच्या नळीत घेतला आणि भिंगातून बराच वेळ पाहिला.

"तोच! काका, एक नाही, शेकड्यांनी आहेत!"

जयराम चराच्या काठावर बसला. डोळे पुसत पुटपुटला, "पुतले, वाचलं गं शेत." मग बाईंना म्हणाला, "लिव, बाय. माजं नाव घालून लिव. सोमवारच्या आत कलेक्टरला पोचव."

"आजच धाडते." बाईंनी वही मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या, "जूचंद्र. जयराम यांचं शेत. किडे भरपूर. पाणी खारं. या जातीला गोडं पाणी एक दिवसही सोसत नाही."