मामांच्या वाटीतला गुलाबजाम

पल्लवीला पाहायला आलेले पाहुणे वाशीमच्या हॉटेलात केव्हाचे बसले होते. ताटं वाढून झाली होती, पण मुलाचे मामा अजून केनवडहून यायचे होते आणि ते आल्याशिवाय कोणी घास घेणार नव्हतं.

पल्लवीची आई, वच्छलाबाई, उगाच हसत पदरानं पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होती. एकाएकी तिनं मामांसाठी ठेवलेल्या वाटीत हात घातला. एक गुलाबजाम तोंडात कोंबला, तो पुरता गिळायच्या आत दुसरा. पाक हनुवटीवरून ओघळला. मुलाच्या आईनं मुलाकडं पाहिलं, मुलानं ताटाकडं.

पल्लवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुवायच्या निमित्तानं आईला बेसिनपाशी नेऊन ती दातओठ खात म्हणाली, "शुगर हाय ना तुले? घरी डबे लपवा लागते तुह्यापासून, अन् इथंबी तेच! आज तरी माही लाज राखाची होती."

वच्छलाबाईनं नळ घट्ट धरला. 

"आता जेवाले बसाचं म्हनून इन्शुलिनची सुई टोचून घेतली मी, अन् मामा आलेच नाई. शुगर एकदम उतरली, डोळ्यापुढं अंधारी आली वं माय."

"मंग सांगाचं ना तसं त्याईले!"



"हावरी म्हनू दे मले. शुगर हाय म्हनून समजलं असतं, तं म्हनले असते, उद्या पोरीलेबी होईन."