न धुतलेला ससा

लेकीचा फोन येऊन तीन दिवस झाले, तरी मावशींनी तो पत्र्याचा डबा उघडला नव्हता. आज मात्र टाळून चालणार नव्हतं. परवा लेक येणार होती, आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन, पहिल्यांदाच.

मावशी म्हणजे रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या मावशी. तीस वर्षं बालविभागाची दुपटी, चादरी आणि खेळणी त्यांच्याच हातून निघाली. निवृत्त झाल्या तरी हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

आणि अशा बाईला लेकीने फोनवर यादी सांगितली होती.

"आई, साबण सौम्य घे, वासाचा नको. टाके ओढून बघ, बाळ सगळं तोंडात घालतं. आतला कापूस पुरता वाळू दे, नाहीतर बुरशी धरते."

"बरं बाई. तीस वर्षं मी काय माश्या मारत होते?"

"आणि तो तुझ्याकडचा ससाही धुऊन ठेव."

"माझ्याकडचा कसला? तुझाच तो."

पलीकडे लेक उगाचच खोकली. मग लेक म्हणाली, "हो. पण नीट धू."

गुरूची विद्या गुरूला, म्हणून मावशी तेव्हा हसल्या होत्या. सशाचं आठवल्यावर हसू विरलं.

सकाळी त्यांनी सोपं काम आधी उरकलं. लाकडी ठोकळे ओल्या फडक्याने पुसले. लाकूड पाण्यात बुडवलं की फुगतं. खुळखुळा कोमट पाण्यात धुतला. दाबल्यावर ओरडणारं रबरी बदक सरळ केरात टाकलं. त्याच्या पोटात शिरलेलं पाणी तिथेच सडतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मग डब्याचं झाकण काढलं.

लेक शिकायला दूर गेली त्या दिवशी ससा उशीवर ठेवून गेली होती. जाण्याआधीचा महिनाभर ती त्याला कुशीत घेऊन झोपायची. एवढी घोडी झाली तरी ससा सुटत नाही, म्हणून मावशींनी चिडवलंही होतं. ती गेल्यावर त्यांनी तो डब्यात बंद केला आणि बारा वर्षांत त्याला पाणी लावलं नाही. आठवडाभर फोन आला नाही की झाकण उघडायचं, एकदा हुंगायचं, पुन्हा घट्ट लावायचं. आख्ख्या रुग्णालयाचे वास घालवणारी बाई एक वास असा जपत होती. शेजारणीला कळतं तर ती पोट धरून हसली असती.

वास अजून होता. केसांच्या तेलाचा, वहीच्या कागदाचा, झोपलेल्या लेकीचा. एकदा धुतला की संपलं. पण तान्ह्या जिवाच्या तोंडात बारा वर्षांची धूळ तरी कशी द्यायची?

मावशींनी शेवटचा एक श्वास घेतला आणि सशाला पाण्यात सोडलं.

पाण्याला लगेच चहासारखा रंग आला. दुसऱ्या पाण्यात ससा चांगला पांढरा निघाला. त्या काळी कापडच टिकाऊ असायचं, असं मावशी स्वतःशीच म्हणाल्या.

डोळ्यांचे टाके त्यांनी ओढून पाहिले. मूळची बटणं काढून त्यांनीच तपकिरी दोऱ्याने डोळे शिवले होते. बटण गिळलेलं पोर त्यांनी बालविभागात पाहिलं होतं. टाके पक्के होते, पण सगळे डावीकडे झुकलेले. डावखुरी लेक शिवायची तसे. त्या दिवसांत रात्र रात्र जागरण व्हायचं, हात वेडावाकडा चालला असेल. शेपटीखाली कंपनीच्या नावाची कापडी पट्टीही तशीच होती. नव्या खेळण्याची पट्टी पहिल्या दिवशी कापायची हा त्यांचा नियम, आणि हीच नेमकी राहिली. "म्हातारी आत्ता नाही झाले, तेव्हाच झाले होते," त्या पुटपुटल्या आणि पट्टी कापून टाकली.

पिळायचं नाही, दाबायचं. पंच्यात गुंडाळून पाणी काढायचं. मग दोरीवर. पूर्वी दर शनिवारी ससा दोरीवर असला की लेक खाली स्टूल टाकून बसायची. "झाला का? आता झाला का?" वाळला की मावशींच्या कामाच्या झग्यात तोंड खुपसून सशासकट तिथेच झोपायची. मावशी बराच वेळ दोरीखाली उभ्या राहिल्या. डोळे पुसायला त्यांनी तोच पंचा वापरला.

ठरल्या दिवशी लेक आली. बाळाने ससा पाहिला, ओढला आणि लगेच त्याचा कान चावायला घेतला. मावशींना बरं वाटलं, तरी मनातलं बोलल्याशिवाय राहवेना.

"स्वच्छ झाला बघ," त्या म्हणाल्या. "पण आता त्याला तुझा वास राहिला नाही. बारा वर्षं मी तो धुतला नव्हता."

दुधाची बाटली तीनदा उकळणारी, प्रवासातही बाळाच्या चादरी वेगळ्या आणणारी लेक उठली. तिने पिशवीच्या तळातून चेनची एक पारदर्शक थैली काढली. आत एक ससा होता. एका कानाची लव झडलेली, रंग मळकट. शेपटीखाली पट्टी नव्हती. तपकिरी डोळ्यांचे टाके उजवीकडे झुकलेले होते.

"हा बाळाला द्यायचा नाही," लेक म्हणाली. "जाताना तुझ्यासाठी दुसरा ठेवून खरा मी नेला. मीही हा बारा वर्षांत धुतलेला नाही."

मावशींनी थैली उघडून ससा नाकाशी नेला. गरम इस्त्री, वाफ, कपड्यांचा जाडाभरडा साबण.

"याला तर धुलाईघराचा वास येतोय."

"धुलाईघराचा नाही, आई," लेक म्हणाली. "तुझा."