दोनच धड टायर

शर्यत सुटायला पंचवीस मिनिटं उरली असताना ताईच्या अंगठ्याला ती भेग लागली.

धाकट्या भावाची सायकल उलटी करून, मागच्या चाकातली हवा सोडून ती टायर कडेकडेने चाचपत होती. केसाएवढी रेघ. दाबली तशी ती उघडली आणि आत पांढरे धागे दिसले. बोटभर पुढे दुसरी, मग तिसरी. पुढच्या चाकावरही होत्या, जरा कमी.

“सहा आठवड्यांचे टायर,” ती म्हणाली. “आठशे किलोमीटरसुद्धा झाले नाहीत.”

“रबर जरा सुकलं असेल.” भाऊ पाठीवर नंबर लावून घेत होता. “खोक्यावर तीन हजार लिहिलंय.”

“खोकं चालवणार आहेस का?”

चढ संपला की अकरा किलोमीटर उतार होता, सगळा वळणावळणाचा, आणि त्या उतारावर ताशी सत्तरच्या खाली कोणी येत नसे.

ताईने पिशवीतून गेल्या वर्षीची जोडी काढली. जड, पण धड. तिच्याकडे तेवढी एकच होती. दहा मिनिटांत दोन्ही चाकांवर ती जोडी चढली. हवा भरता भरता तिचा हात थांबला.

“लंबूचे.”

लंबू दुसऱ्या क्लबचा. या रस्त्यावर भावाला दोनदा हरवणारा एकटा तोच. त्याची जोडीही त्याच खोक्यातली होती आणि ती ताईनेच आपल्या दुकानात बसवून दिली होती.

“त्याचं तो बघेल, ताई. त्यांच्याकडे कोच आहे, माणसं आहेत.”

“टायर मी बसवलेत.”

“मग? भेगा तू पाडल्यास?”

ती लंबूच्या सायकलकडे निघाली.

लंबूच्या कोचने तिला येताना पाहिलं आणि तो सायकलसमोर आडवा उभा राहिला. “वेळ बरी साधलीत. पोराचं डोकं फिरवायला आलात ना?”

ताई वाद घालत बसली नाही. ती खाली बसली आणि तिने पुढच्या चाकाची हवा सोडली.

“अहो! काय करताय?”

तिने टायर अंगठ्यावर दुमडला. एका वितीत सात भेगा उघडल्या. लंबू वाकून बघत होता. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसायला लागला.

“राखीव आहेत?” ताईने विचारलं.

“आहेत,” कोच हळूच म्हणाला. “त्याच खोक्यातले.”

“मग आज सुटू नकोस, बाळा.”

लंबूने मान हलवली. “नाही ताई. आज नाही थांबणार मी.”

त्याच्याशी हुज्जत घालायला वेळ नव्हता. ती धावतच परतली. तिचा चेहरा बघूनच भाऊ सायकलसमोर आडवा झाला.

“नाही. ताई, नाही हं.”

“मागचं चाक काढून दे.”

“माझा टायर आहे तो!”

“ऐक. मागचा फुटला तर शर्यत जाते. पुढचा फुटला तर माणूस जातो. तुझा पुढचा धड आहे. त्याचा एकही नाही.”

“आणि मी मागे तो भेगाळलेला घालून उतरू?”

“हो. कमी भेगांचा घालते.”

“मी तुझा सख्खा भाऊ आहे, ताई.”

“म्हणून तर मागतेय. परक्याकडे कुठल्या तोंडानं मागितलं असतं?”

भोंग्यावरून स्पर्धकांना रेषेवर बोलावलं गेलं. भावाने चाकाचा खटका उघडला, चाक ओढून काढलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या हातात दिलं.

तिने धड टायर लंबूच्या पुढच्या चाकावर चढवला, कमी भेगांचा भावाच्या मागच्या. बोटांची सालं निघाली. दोघांनाही मागे हवा थोडी कमी ठेवायला सांगितलं. झेंडा पडला तेव्हा भाऊ सगळ्यांच्या शेवटी रेषेवर पोचत होता.

दोन तासांनी ताई उताराच्या पायथ्याशी, शेवटच्या वळणावर उभी होती. शेजारी लंबूचा कोच. दोघांची नजर वर. तिथून शेवटची रेषा तीन किलोमीटर होती.

वर कुठेतरी फाडकन आवाज झाला आणि खडकांवर आपटत खाली आला.

कोचने ताईचं मनगट धरलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

वळणावर एक सायकल दिसली. डोकं खाली, कोपरं आत. भाऊ. एकटाच, सगळ्यांच्या पुढे. रस्त्याकडेची माणसं ओरडायला लागली, “हाण! हाण!”

भावाने तिला पाहिलं आणि ब्रेक दाबले. भर रस्त्यात, जवळजवळ उभाच राहिला तो.

“मागचा गेला लंबूचा,” तो धापा टाकत म्हणाला. “मागचा! पुढच्यावर सावरला. उभा आहे, ताई. स्वतःच्या पायांवर उभा आहे.”

तेवढ्यात वळणावरून तिघं आले आणि त्याला ओलांडून गेले. भावाने त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग ताईकडे.

तिला काही सुचायच्या आत लंबूच्या कोचने तिचं मनगट सोडलं, तो धावत रस्त्यात गेला, भावाच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला पुढे ढकललं.