न वापरलेली घागर

वस्तू: पितळी घागर. स्थिती: न वापरलेली. सुरुवातीची बोली: पाचशे रुपये. बाकी वेळ: पाच दिवस.

“फिरव, फिरव. नाव येतंय फोटोत,” भारत म्हणाला.

संध्यानं घागर खिडकीकडं वळवली. अठरा वर्षांपूर्वी लग्नात आलेली घागर कागदासकट माळ्यावर गेली होती, ती आज पहिल्यांदा खाली उतरली. चिंचेनं घासल्यावर अशी उजळली की तिच्यात छतावरचा पंखा फिरताना दिसायला लागला. नावही उजळलं. ‘सौ. मनकर्णाबाई सर्जेराव यांजकडून सप्रेम भेट.’ अक्षरं पार कडेला कोरलेली. शेजारची चार बोटं जागा घासून गुळगुळीत केलेली.

मनकर्णाबाई म्हणजे भारतची आत्या, खुलताबादच्या निवृत्त शिक्षिका. भाचेसुनेनं आपली भेट लिलावात काढली हे त्यांना कळलं असतं, तर भावकीतली पुढची दहा लग्नं त्यांनी याच एका विषयावर काढली असती.

“अन् ऐक,” भारत म्हणाला, “तीन हजाराच्या वर गेली तर माळ्यावरची समदी भांडी तुझी. कर धंदा. नाय गेली तर रविवारी सगळी मोडीत.”

“व्हय. रविवारी बघू कोण मोडीत जातं ते.”

माळ्यावर अशी एकेचाळीस भांडी होती. संध्याला दुकान काढायचं होतं, आणि सुरुवातीला तेवढा माल पुरेसा होता.

आतल्या खोलीत सासूबाई, लक्ष्मीबाई, मोबाइलवर भजन लावून पडल्या होत्या. महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना भिंतीवरची मुंगीही दिसायची. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं.

“घागर कुणाची गं?”

“माझ्या लग्नातली, आई. पडूनच होती.”

“हं,” म्हणून त्या परत गेल्या. भजनाचा आवाज जरा वाढला.

बाकी वेळ: तीन दिवस. बोल्या: शून्य. विचारणा: एक.

भाविक५२: मागची बाजू दाखवावी. नाव असल्यास स्पष्ट दिसावं. नावाच्या भांड्याला मान असतो.

संध्यानं सकाळभर विचार केला. पोळ्या लाटताना केला, भाजी करपेपर्यंत केला. शेवटी म्हटलं, मनकर्णाआत्या कशाला येतायत लिलाव बघायला? टाकला फोटो.

भाविक५२: ५१०.

पाचशे दहा! संध्यानं लाटणं हातात घेऊन ओट्याभोवती एक गिरकी मारली. संध्याकाळी कंपनीतून आलेला भारतही पैज विसरून असा खूश झाला, की त्यानं लगेच भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकली. ‘आमच्या सौभाग्यवतींचं दुकान!’

“अहो! आत्याबाई आहेत ना त्या ग्रुपवर!”

भारतनं जीभ चावली. मेसेज पुसला. तोवर अकरा जणांनी तो पाहिला होता.

बाकी वेळ: एक दिवस.

डोंगरवासी: १०००.
भाविक५२: १०५०.
डोंगरवासी: २०००.
भाविक५२: २०५०.
डोंगरवासी: ३०००.
भाविक५२: ३०५०.

“येडे झालेत का हे दोघं?” भारत म्हणाला.

“तीन हजार पन्नास,” संध्या म्हणाली. “माळ्याची शिडी इकडं आणून ठेवा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“संध्या, बरी आहेस ना?” मनकर्णाआत्यांचा आवाज साखरेसारखा गोड होता. “वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. दिसतं का आता नीट?”

“लई छान दिसतं, आत्याबाई.”

“अगं बाई. मोबाइल बघते का ती?”

“छे. नुसती भजनं ऐकतात.”

“मग बरंय. डोळ्यांना ताण नको.”

घागरीचा शब्द नाही. संध्याला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकी वेळ: संपला.

भाविक५२: ६०००.
डोंगरवासी: ६१००. अभिनंदन! खरेदीदाराचा पत्ता: मनकर्णाबाई सर्जेराव, खुलताबाद.

संध्यानं पत्ता पुन्हा पुन्हा वाचला.

आता पार्सल करण्यात अर्थ नव्हता. तिनं घागर पोत्यात गुंडाळली, स्कूटीच्या पायाशी ठेवली आणि दौलताबादचा घाट चढताना माफीची वाक्यं घोकत राहिली.

आत्यांनी दार उघडलं, पोतं आत ओढलं, घागर कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मगच म्हणाल्या, “ये, बस.”

“चुकलं माझं, आत्याबाई. पैसे नकोत मला.”

“काही चुकलं नाही. बोली म्हणजे बोली. धर.” त्यांनी सहा हजार शंभर तिच्या हातावर ठेवले आणि वर पेरूंची पिशवी दिली. “फक्त वहिनीच्या कानावर घालू नको. उगाच तिच्या मनाला लागेल.”

घाट उतरताना संध्याचे डोळे भरून आले. किती मोठ्या मनाची बाई! आणि आपण तिला इतकी वर्षं घाबरत होतो.

घरी लक्ष्मीबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतला एक पेरू काढला, पदराला पुसला.

“मनकर्णाच्या झाडाचे ना? घागर नीट पोचली?”

संध्याचा हात पिशवीतच राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं, आई?”

“तिच्या वास्तुशांतीला मीच दिली होती ती. घासलेल्या जागी माझं नाव होतं.” लक्ष्मीबाईंनी पेरूचा मोठा घास घेतला आणि चवीनं चावला. “अजून चढवली असती, पण सहा हजारावर थांबले मी. पेन्शनीवर भागतं बिचारीचं.”