विहिरीपलीकडचा पाऊस

"साहेब, हे मानपत्र मला घेता यायचं नाही," असं म्हणत अनसूयाबाई धुरींनी एक जुनी डायरी पुण्याच्या वेधशाळेतून आलेल्या बोडसांपुढे ठेवली. बाहेर शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. गावच्या पर्जन्यमापन केंद्राला शंभर वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची चौतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला होता तो या निवृत्त शिक्षिकेने.

डायरी त्यांच्या सासऱ्यांची. साठ वर्षांपूर्वी त्यांनी पर्जन्यमापक फणसाखालून उचलून विहिरीपलीकडे बसवला, आणि वर कळवायचं राहून गेलं. केंद्राची जागा बदलली की क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकाची नोंद तिथेच संपते, हे बोडसांना वेगळं सांगायला नको होतं. मग शंभरी कसली?

"वीस पावलं तर आहेत," ते हळूच म्हणाले. "कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"त्या वर्षापासून नोंदींत पाऊस वाढलेला दिसतो. उद्या कोणी शहाणा त्यावर लेख लिहील. पाऊस वाढला नव्हता हो, भांडं झाडाखालून बाहेर आलं होतं."

बोडसांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"लिहून झालाय, बाई. बारा वर्षं झाली. मीच लिहिलाय."

त्यांनी मानपत्र बॅगेत ठेवलं आणि नव्या क्रमांकासाठीचा फॉर्म बाहेर काढला. बाईंनी घड्याळ बघितलं आणि काचेचं मोजपात्र त्यांच्या हातात दिलं.

"साडेआठ झाले. चला, नव्या नंबरची पहिली नोंद तुम्हीच करा."