टेबलाचं माप

"किती वर्षं दुखतंय?"

"अकरा," शिंप्याच्या बायकोने सांगितलं. शिंपी शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, पण कुणा तिऱ्हाइताच्या पाठीसाठी सोबतीला आल्यासारखा.

"नेमकं कुठे?"

"कमरेत, डाव्या अंगाला. तिथून मांडीपर्यंत उतरतं. सकाळी यांचे मोजेसुद्धा मीच चढवते."

मणक्याची डॉक्टर वयाने लहान होती. तिने लिहायचं थांबवलं. "काका, तुम्ही सांगा ना."

"ती सांगते ते बरोबर आहे," शिंपी म्हणाला.

अकरा वर्षांत सहा दवाखाने झाले होते. प्रत्येक ठिकाणी हातात एक छापील कागद मिळे, आणि त्यावर तोच चड्डीतला माणूस तेच गुडघे छातीशी घेऊन पडलेला असे. पहिल्यांदा कागद पाहून शिंपी म्हणाला होता, "रेडीमेड आहे." हल्ली तेवढंही म्हणत नसे. येत्या सोमवारी दुकानातली मोठी कात्री धाकट्या भावाच्या हातात जायची होती; शिंप्याने स्टुलावर बसून काज-बटणं करायची. घरात हे ठरलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि आणखी भात वाढून घेतला. रडायचं काम बायकोने केलं.

सोमवार हा तसा त्याचा ठेवणीतला वार. गिऱ्हाइकाने "कपडे कधी?" विचारलं, की "सोमवारी." मग "सोमवार म्हणजे नक्की सोमवार ना?" असं गिऱ्हाइकाने म्हणायचं आणि शिंप्याने खडूने कानामागे खाजवायचं. तीस वर्षं हे बिनचूक चाललं होतं. वेळेवर येणारा हा पहिलाच सोमवार.

डॉक्टरने त्याला आरशासमोर उभं केलं.

"शर्ट कुणी शिवलाय?"

"मीच."

"छान आहे. पण डावा खांदा उतरता का कापलात?"

शिंप्याने आरशात पाहिलं. रस्त्यापलीकडच्या माणसाचा खांदा पाव इंच उतरलेला असला, तरी त्याला इकडून दिसायचा.

"जुना शर्ट मापाला ठेवतो," तो सावकाश म्हणाला. "तो त्याच्या आधीच्या शर्टावरून."

प्रत्येक शर्टाने मागच्या शर्टाचं ऐकलं होतं आणि थोडं आपल्या पदरचं घातलं होतं.

"कापताना कसे उभे राहता, दाखवा बघू." डॉक्टरने पायाने कळ दाबली, तसं तपासणीचं टेबल खाली गेलं. "एवढं असतं तुमचं टेबल?"

"आणखी खाली."

"एवढं?"

"आणखी."

टेबल थांबलं. शिंप्याने डावा गुडघा मुडपला, कंबर एका बाजूला काढली आणि वाकला. हातात नसलेली कात्री चालवून दाखवली.

"इतकं खाली? हे टेबल कुणाच्या मापाचं आहे?"

शिंप्याने सवयीने बायकोकडे पाहिलं. ती त्या खाली गेलेल्या टेबलाकडेच बघत होती. साऱ्या गावाची मापं घेतलेल्या घरात ते एक माप कुणी घेतलं नव्हतं.

"वडिलांच्या," तो म्हणाला. "ते बुटके होते."

"माझ्या खांद्याला लागायचे सासरे," बायको म्हणाली. "धाकटे भाऊजी त्यांच्यावर गेलेत."

डॉक्टरने त्याला कुशीवर निजवलं, वरचा गुडघा दुमडला, एका हाताने खांदा धरला, दुसरा कमरेवर ठेवला. "श्वास सोडा." पाठीत शिवण उसवल्यासारखा आवाज झाला.

"मोडलं की काय?" बायको उठून उभी राहिली.

"नाही हो काकू. काका, दुखतंय?"

"दुखतंय," शिंपी म्हणाला. ते उत्तर तयारच असायचं. मग त्याने कंबर जराशी हलवून पाहिली. "नाही. म्हणजे, कमी आहे." दुसऱ्याच्या घरची बातमी सांगावी, तसा त्याचा आवाज होता.

"सगळं जाईल असं मी म्हणत नाही. सहा-सात वेळा यावं लागेल. व्यायाम तुमच्या उभं राहण्यावरून लिहून देते, छापील नाही. पण त्याच टेबलाशी वाकलात, तर आठ दिवसांत सगळं मूळपदावर. टेबल कोपराच्या चार बोटं खाली हवं."

घरून निघताना टेप शिंप्याच्या गळ्यातच राहिला होता. बायकोने तो ओढून काढला, खाली बसली आणि टेपचं टोक त्याच्या टाचेशी धरलं.

"सरळ उभे राहा."

हे वाक्य त्याने आजवर फक्त दुसऱ्यांना म्हटलं होतं. तो सरळ उभा राहिला. शर्टाची डावी बाजू दोन बोटं वर गेली. माप देणारं गिऱ्हाईक बघतं, तसा तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"त्रेचाळीस," टेप कोपरापर्यंत नेऊन बायको म्हणाली. "यातून चार बोटं वजा. जाता जाता सुताराला सांगू, पायांना ठोकळे ठोकून देईल."

"मग धाकट्याचा हात पोचायचा नाही."

"न पोचेना."

शिंप्याने डावा खांदा आणखी थोडा वर घेतला.

"कधी देईल?"

"सोमवारी."

भिंतीवरची नजर त्याने पहिल्यांदाच खाली आणली.

"सोमवार म्हणजे नक्की सोमवार ना?"